नाहीची वही

नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती वही अजून माझ्याकडे आहे. व्हिक्टोरिया मार्केटातून आणलेली, शंभरपानी, निळ्या पुठ्ठ्याची. दुकानाच्या बाकीच्या वह्या लाल कापडातल्या, लांबट. लक्ष्मीपूजनाला त्या चौरंगावर बसायच्या, त्यांच्यावर हळदकुंकू पडायचं: रोकड, खातेवही, आवक-जावक. या निळ्या वहीला तो मान कधी मिळाला नाही. तिच्यात एकच गोष्ट लिहिली जायची: गिऱ्हाइकानं काय मागितलं आणि आपल्याला ‘नाही’ म्हणावं लागलं.

भाद्रपदातलं एक पान बघा. ‘नारळ, २१ मागितले, १४ दिले.’ ‘आमसूल पाव किलो, नाही.’ ‘जाडे पोहे, उद्या या म्हटलं.’ ‘दगडफूल, नाही. चिटणीसांच्या गोठीतल्या काकू, दुसऱ्यांदा.’ गोठ म्हणजे आमच्याकडचा मोहल्ला. अक्षर मोडी, घाईतलं, शाई कुठे फिकी कुठे गडद. डाव्या समासात प्रत्येक नकाराची एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. महिनाअखेरीला नाना रेघा मोजायचे, पानाच्या तळाशी आकडा लिहायचे आणि त्याभोवती गोल काढायचे. नफ्याचा आकडा शेटजींचा, हा माझा, असं म्हणायचे.

नाना ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यालगतच्या एका गल्लीत किराण्याच्या पेढीवर मुनीम होते. घाऊक आणि किरकोळ दोन्ही चालायचं. मी पुढे एका कारखान्याच्या नियोजन विभागात तीस वर्षं काढली. कच्चा माल कुठून, किती, कधी मागवायचा आणि तयार माल कुठल्या गोदामात किती ठेवायचा, हेच माझं काम. बापलेकाचं काम एकच होतं, हे मला निवृत्तीनंतर घर आवरताना ही वही हाताला लागली तेव्हा समजलं. तोवर नाना गेले होते. विचारायचं ते विचारायचं राहिलं.

आम्ही लष्करची मराठी माणसं ‘बाड्यावर जाऊन येतो’ म्हणतो. घरात शुद्ध मराठी बोलणारी आजीसुद्धा कधी ‘वाड्यावर’ म्हणाली नाही. १८१०च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, छावणीचं शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. सैन्य पोटावर चालतं, म्हणून त्याच्या मागोमाग बाजार चालतो. इथे तो बाजार मुक्कामालाच राहिला. फालका बाजार, पाटणकर बाजार ही सरदारांची नावं दुकानांच्या पाट्यांवर आजही आहेत. धान्याला दाल बाजार, सोन्याला सराफा. मुळात पुरवठ्यासाठी वसलेलं गाव आहे हे.

माझ्या लहानपणी, १९६८-७०च्या आसपास, शाळा सुटली की मी पेढीवर जात असे. बाड्याच्या चौकात मधोमध जिवाजीराव महाराजांचा पुतळा, भोवती टाऊन हॉल, टपाल कचेरी, बँक, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी. एकाचा तोंडवळा दुसऱ्याशी जुळत नाही, तरी सगळ्या इमारती एका पंगतीला बसल्यासारख्या. तांग्यांच्या घोड्यांचा वास, हातठेल्यांची खडखड, आणि पाठीवर पोतं घेतलेल्या पल्लेदारांचं ‘बचके, बचके’. पेढीच्या दारात पाय ठेवला की हिंग, गूळ आणि तागाचा मिसळलेला वास यायचा. तो वास मला अजून कुठेही ओळखू येईल.

माल येण्याची रीत अशी. नाना सकाळी कोठीत जायचे. पोत्यात परखी खुपसायची, म्हणजे ती टोकदार पोकळ सळई, आणि तिच्यातून ओघळलेले दाणे तळहातावर घ्यायचे. एक दाणा दाताखाली. मग पोती मोजायची, मोठ्यानं, कारण मनात मोजलं तर चूक लपते असं त्यांचं मत होतं. मुंबईचा माल मशीद बंदरातून निघे. रेल्वेची बिल्टी टपालानं आधी येई, वॅगन मागाहून. कधी आठ दिवसांनी, कधी वीस. घाई असली तर बाड्यावरच्याच टपाल कचेरीतून तार. गावात शिरताना चुंगी भरायची. आणि पेढीवरून जो माल पुढे जाई तो जौरा, कैलारस, सबलगढ, श्योपूरकडे, छोट्या लाइनीनं. दोन फूट रुंदीचे रूळ, श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर, पुरता एक दिवसाचा प्रवास. एवढ्या सगळ्या वळणांवर कुठे काय अडकलंय हे एकाच माणसाच्या डोक्यात असायचं. नाना आजारी पडले की शेटजी स्वतः घरी यायचे आणि पलंगाशी बसून विचारायचे, “मुनीमजी, वो इंदौरवाला माल कहाँ तक पहुँचा?”

आता कंपन्या हे कसं मोजतात ते सांगतो, म्हणजे वहीची किंमत कळेल.

पहिलं माप मालाच्या फेऱ्याचं. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदीकिंमत ८ लाख धरा आणि दुकानात सरासरी १ लाखाचा माल पडून असतो असं धरा. म्हणजे माल वर्षात आठ वेळा फिरला, आणि गुंतवलेला रुपया सरासरी ४५-४६ दिवस पोत्यात बसून राहिला. त्यात गिऱ्हाइकाच्या उधारीचे दिवस मिळवायचे, व्यापाऱ्याला आपण जितके दिवस थांबवतो ते वजा करायचे. मग रुपया घरून निघून घरी यायला किती दिवस लागले ते निघतं. अमेरिकेतल्या डेल कंपनीनं हा आकडा शून्याच्याही खाली नेला होता: संगणक विकून पैसे आधी घ्यायचे, सुटे भाग देणाऱ्यांना मागाहून द्यायचे. नाना हेच कोष्टकाशिवाय सांगायचे. “तुरीच्या डाळीतला रुपया महिन्यातून दोनदा घरी येतो, जिऱ्यातला दोन महिने परगावी राहतो.”

दुसरं माप पुऱ्या मागणीचं. १९९६ साली अमेरिकेतल्या कंपन्यांनी एकत्र येऊन पुरवठा मोजण्याची एक चौकट बसवली, तिला स्कोर म्हणतात. तिच्यात एक कडक कसोटी आहे: मागितलेली वस्तू, मागितली तेवढी, सांगितल्या वेळी, न फुटता आणि बिनचूक कागदांसह पोचली तरच ती मागणी पुरी झाली म्हणायची. एकवीस मागून चौदा नारळ मिळाले तर गुण शून्य. समजा वेळ, नग, मालाची अवस्था आणि कागद या चारही बाबतींत तुम्ही शंभरात ९५ वेळा बरोबर आहात आणि या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत. तरी चारही एकदम बरोबर येण्याचं प्रमाण ८१वर उतरतं. गुंतागुंत अशी वाढते. एकेका टप्प्यावर सगळे शाबासकी घेतात आणि शेवटच्या गिऱ्हाइकाचे नारळ कमी भरतात.

आता अवघड भाग. दाल बाजारातला एखादा व्यापारी नुसती साखर विकतो, वर्षात तीस फेरे करतो. आमच्या पेढीवर चारशे जिन्नस आणि आठ फेरे. कोण हुशार? नुसता फेरा बघून निकाल देणं हा आमच्या पेढीवर अन्याय आहे, आणि तो अन्याय मोठमोठ्या कारखान्यांच्या सभांमध्ये मी डोळ्यांनी पाहिलाय. १९७८ साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी यावर एक गणिती रीत मांडली. एकाच जातीचं काम करणाऱ्यांना शेजारी ठेवायचं, प्रत्येकानं किती भांडवल, किती माणसं, किती जागा घातली आणि त्यातून काय काय दिलं ते बघायचं, आणि त्यांतले जे उत्तम ठरतील त्यांच्या रेषेपासून बाकीचे किती मागे आहेत ते मोजायचं. साखरवाल्याची तुलना साखरवाल्याशी, चारशे जिनसांची चारशेवाल्याशी. मला ही रीत पहिल्यांदा समजली तेव्हा फार समाधान वाटलं होतं.

पण त्या चारशे जिनसांतले चाळीसेक तरी फक्त लष्करच्या मराठी घरांसाठी होते. आमसूल, जाडे पोहे, नागकेशर, भाजणीला लागणारं किडूकमिडूक. वर्षाच्या विक्रीत ते हिशेबालाही येत नसत. शेटजी दर दिवाळीला म्हणायचे, हे बंद करू. नाना दर दिवाळीला निळी वही पुढे सरकवायचे. कारण समासातल्या काही रेघांवर एक बारीक फुली आहे. नुसती रेघ म्हणजे ती वस्तू मिळाली नाही, पण माणसानं बाकीची यादी घेतली. फुली म्हणजे माणूस रिकाम्या पिशवीनं परत गेला. आमसुलाच्या नकारांपुढे फुल्याच फुल्या आहेत. आमसूल नसलं की काकू साखरही घेत नव्हत्या, तेलही नाही. सगळी यादी घेऊन दुसरीकडे जात होत्या. आमसुलातून मिळणाऱ्या चार पैशांमागे महिन्याचा किराणा उभा होता. एका बारीक फुलीत नानांनी हे पकडलं होतं.

मला हे पकडता आलं नाही. आमच्या कारखान्यात मी एका वर्षी साठ मंद जिन्नस यादीतून काढले. फेरा पाचावरून सातावर गेला, कौतुक झालं, पगारवाढ मिळाली. पुढच्या वर्षभरात दोन जुनी गिऱ्हाइकं हळूहळू तुटली. ती आमच्याकडून मोठे भाग घ्यायची, कारण त्याच ट्रकमध्ये छोटे भागही मिळायचे. आमच्या संगणकात याचा मागमूस नव्हता. त्यात विक्री नोंदली जायची. जे विकलं गेलं नाही त्याला रकाना नव्हता.

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरची काळी-पांढरी पट्टी पहिल्यांदा यंत्राखाली गेली. तिथून दुकानदारीला नवे डोळे फुटले. कुठली वस्तू, किती वाजता, किती, सगळं आपोआप उमटू लागलं. त्याच साली इकडे नाना रेघा ओढत होते. विकली गेलेली वस्तू यंत्राला दिसते. फळीवर नसलेल्या वस्तूला पट्टी कुठून असणार? फळी आठ दिवस रिकामी असली तर आठ दिवसांची विक्री शून्य दिसते, आणि कोणी जाणता माणूस मध्ये नसेल तर मागणीच शून्य आहे असं समजून पुढची खरेदीही कमी होते.

१९७३-७४ची टंचाई मला चांगली आठवते. डालडा मिळत नव्हता, साखरेला रांगा. खेड्यापाड्यांतले दुकानदार दहा डबे हवे असले तर वीस लिहून पाठवायचे, म्हणजे निदान दहा तरी हाती पडतील. त्यांच्या वरचा व्यापारी त्या विसाचे चाळीस करायचा. टंचाई सरली की सगळ्यांच्याच कोठ्या तुंबायच्या. याला पुढे आसुडाचं नाव मिळालं. बाळांच्या लंगोटांचा खप तर घरोघरी सारखाच असतो, मग कारखान्याकडे येणाऱ्या मागणीत एवढे हेलकावे का, हे कोडं प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांना पडलं होतं. आसुडाच्या मुठीला दिलेला छोटा झटका टोकाला मोठा होतो, तसा हा प्रकार, असं १९९७ साली हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं. नानांनी त्या वर्षी मागणीच्या चिठ्ठ्यांकडे बघायचं सोडलं आणि निळी वही काढली. चिठ्ठीवर माणूस वीस लिहितो, पण दाराशी येऊन तोंडानं मागतो ते दहाच. पेढीवर त्या वर्षी माल सडला नाही. शेटजींनी नानांना दिवाळीला धोतरजोडी जास्तीची दिली. घरात ती बरेच दिवस घडी न मोडता ठेवलेली होती.

गेल्या गणपतीत बाड्यावर गेलो होतो. ई-रिक्षा, मोबाइलची दुकानं, कपड्यांचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. व्हिक्टोरिया मार्केट २०१०च्या आगीत जळालं; वह्यांच्या दुकानांसकट कितीतरी दुकानं त्यात गेली. इमारत नंतर उभी केली आणि आता तिथे भूविज्ञानाचं संग्रहालय आहे. त्या आगीच्या वेळी मी मोजमापाच्या दुनियेतच होतो, तरी एक प्रश्न आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता: एखादी जागा उद्या नाहीशी झाली तर सावरायला किती दिवस लागतील, आणि तेवढे दिवस हातातला माल पुरेल का? एमआयटीतल्या डेव्हिड सिम्ची-लेव्हींनी पुढे फोर्ड कंपनीसाठी नेमकं हेच मोजायची रीत बसवली. मार्च २०२० मध्ये तो प्रश्न सगळ्या जगाला एकदम पडला. छोटी लाइनसुद्धा त्याच महिन्यात थांबली, ती पुन्हा धावलीच नाही.

पेढी आहे. गादीवर शेटजींचा नातू बसतो. चुंगी १९७६ सालीच गेली. आता जीएसटीचं बिल आणि ट्रकाबरोबर ई-वे बिल. कंपनीचा मुलगा टॅबलेट घेऊन येतो, मागच्या विक्रीवरून पुढची मागणी तोच टॅबलेट काढून देतो. कोठीत तीन-चार दिवसांचा माल. आमचा रुपया जिथे दीड महिना अडकायचा तिथे याचा आठवडाभरात घरी येतो, आणि बिल्टीची वाट बघत रात्र काढावी लागत नाही. खरोखर मोठी गोष्ट आहे ही. नानांना हे बघायला मिळायला हवं होतं.

मी आमसूल मागितलं. तो हसून म्हणाला, “काकाजी, अब कौन रखता है? फोन पे मँगा लीजिए, परसों आ जाएगा।” आलंही. तिसऱ्या दिवशी, सिंधुदुर्गाचा शिक्का असलेलं पाकीट, घरपोच. जे नानांना वीस दिवसांत जमत नव्हतं ते दोन दिवसांत. आणि त्या फोनमध्ये आमसूल हा शब्द मी टाइप केला तेव्हाच तो कुठेतरी नोंदला गेला असणार. म्हणजे नाहीची वही संपलेली नाही. लष्करात कोण काय मागतं आणि कुणाला काय मिळत नाही, ते कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या यंत्रात जमा होतंय. गादीवरच्या या मुलाला मात्र ते कधीच दिसणार नाही. त्याच्या हातात काय खपलं त्याचा सुबक तक्ता आहे. दाराशी येऊन कोण परत गेलं ते त्याच्या दारातच विरून जातं. मला याचं वाईट वाटतं. हे ज्ञान दोनशे वर्षं बाड्यावर पिकलं आणि बाड्यावरच राहिलं होतं.

मी त्याला वही दाखवली. मोडी त्याला येत नाही, पण रेघा आणि फुल्या त्यानं लगेच ओळखल्या. बोटानं मोजत बसला. मग एका जागी थांबला. “ये तीन बार एक ही औरत?”

त्या काकूंच्या दगडफुलाची ती नोंद. श्रावणात एकदा, भाद्रपदात दोनदा, तिसऱ्या वेळी फुलीसह. त्याच्या खाली नानांच्या हातची ओळ आहे, तीच एक शाई वेगळी, जणू दुसऱ्या कुणाच्या दौतीत बुडवलेली: ‘दगडफूल म्हणजे छडीला. पंसाऱ्याकडे आहे.’ गोड्या मसाल्यातलं जे दगडफूल मुंबईहून मागवायची नानांची धडपड चालली होती, ते दोन गल्ल्या पलीकडच्या पंसाऱ्याच्या बरणीत छडीला या हिंदी नावानं बसलेलं होतं. आमच्या कारखान्यात एकच बेअरिंग दोन वेगवेगळ्या क्रमांकांखाली अकरा वर्षं दोनदा खरेदी होत होतं. ते सापडलं तेव्हा मला या ओळीची खबरही नव्हती.

पुडी घेऊन मलाच धाडलं होतं. तिसरीत असेन. बाड्यावरून पळत निघालो, एका हातात पुडी, दुसऱ्यानं चड्डी सावरत, चिटणीसांच्या गोठीत शिरलो. काकू ओट्यावर डाळ निवडत होत्या. मी म्हटलं, “नानांनी पाठवलंय, पैसे नंतर द्या म्हणाले.” त्यांनी पुडी सोडली, ते काळपट करडे, चुरगळलेले पापुद्रे चिमटीत धरले, नाकाशी नेले आणि आतल्या खोलीकडे वळून ओरडल्या, “अगं ए, खोबरं भाजायला घे!”